समुद्रात संकटाचा उजेड पेटवणारी मार्था कॉस्टन, आणि तो उजेड ‘एक्स्पायर’ झाल्यावर होणारा घोळ

कंधारहून समुद्र बघायचा म्हटलं तर रात्रभराचा प्रवास. नावापुरता सागर गावातही आहे, राष्ट्रकूटांच्या काळातला जगतुंग सागर. बाकी पाणी म्हणजे मन्याड नदी, बारूळचं धरण आणि किल्ल्याभोवतीचा खंदक. त्यामुळं जहाजावरच्या फ्लेअरशी आपला काय संबंध, असं कुणी विचारलं तर प्रश्न चुकीचा नाही.

संबंध आहे, आणि तो भंगारातून येतो. जहाज मोडलं की त्यातली खुर्ची, दिवा, दोरखंड, लाईफ जॅकेट सगळं विकलं जातं. मुंबईत जुनी जहाजं फोडण्यासाठी ज्या भागाचं नाव झालं त्याचं नाव दारूखाना. पूर्वी तिथं तोफेच्या दारूची कोठारं होती म्हणून हे नाव पडलं. गुजरातेत अलंगला तर किनाऱ्यावर जहाजांची रांगच लागते. तिथून निघालेला माल ट्रकमध्ये बसून कुठल्याही तालुक्याला पोहोचू शकतो. त्यात एखादं वीतभर लांबीचं, केशरी रंगाचं, वर परदेशी भाषेत काहीतरी छापलेलं नळकांडं असलं तर ते हातात घेणाऱ्याला काय वाटेल? टॉर्च असेल, नाहीतर फटाका.

ते फटाक्याचंच भावंडं, पण फार रागीट. जहाज बुडायला लागलं की खलाशी ते पेटवतो आणि लांबच्या जहाजाला कळतं की इथं माणसं मरतायत. हातात धरायचा फ्लेअर किमान एक मिनिट लालभडक जळतो, आणि पाण्यात बुचकळला तरी लगेच विझत नाही. रॉकेटसारखा उडणारा फ्लेअर कमीत कमी ३०० मीटर वर जातो, तिथं त्याची छोटी छत्री उघडते आणि चाळीस सेकंद आकाशात लाल दिवा तरंगत राहतो. हे आकडे कंपनीच्या जाहिरातीतले नाहीत, जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले आहेत. समुद्रात जाणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजावर असे १२ रॉकेट फ्लेअर ठेवावेच लागतात.

प्रत्येकावर तारीख असते. साधारण तीन वर्षांची मुदत, मग नवीन घ्या. जुन्याचं काय करायचं हे मात्र त्यावर नीट लिहिलेलं नसतं.

हा उजेड कुठून आला हे बघायला गेलं तर १९ व्या शतकातल्या अमेरिकेत एका तरुण विधवेपाशी जाऊन थांबावं लागतं. तिची गोष्ट कळली की मुदतीची भानगडही आपोआप कळते, म्हणून आधी तिची गोष्ट.

मार्था जेन हंट हिचा जन्म १८२६ चा, बाल्टिमोर शहरातला. वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन फिलाडेल्फियाला आली. तिथं मार्थाची ओळख बेंजामिन फ्रँकलिन कॉस्टन नावाच्या पोराशी झाली. नाव एवढं मोठं, आणि डोकंही तसंच. विशीतच त्यानं पाण्याखाली चालणाऱ्या बोटीवर काम केलं होतं. मार्था सोळा वर्षांचीही झाली नसेल तेव्हा दोघांनी घरच्यांना न सांगता लग्न उरकलं.

बेंजामिनची कीर्ती नौदलापर्यंत पोहोचली. वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात त्याला प्रयोगशाळा मिळाली. काम काय, तर रॉकेट, तोफेला बत्ती द्यायची नवीन तऱ्हा आणि असलेच दारूचे प्रकार. त्यातच रात्री एका जहाजानं दुसऱ्या जहाजाला रंगीत उजेडातून निरोप द्यायचा, अशी एक कल्पना त्याच्या डोक्यात होती.

त्या काळात समुद्रावर रात्री बोलायची सोय किती वाईट होती हे आज कळणार नाही. दिवसा झेंडे चालायचे. रात्री कंदील टांगायचे, तोफ उडवायची, मशाल हलवायची. धुकं असलं की तेही गेलं. रेडिओ यायला अजून पन्नास वर्षं होती.

नौदलाशी बेंजामिनचं पैशावरून बिनसलं. त्यानं १८४७ मध्ये नोकरी सोडली आणि तो बोस्टनच्या गॅस कंपनीत गेला. पण प्रयोगशाळेतल्या आणि गॅसच्या कामातल्या रसायनांनी शरीर पोखरलं होतं. नोव्हेंबर १८४८ मध्ये तो गेला. आज असल्या कारखान्यात मास्क असतो, हवा ओढून घेणारे पंखे असतात, हातमोजे असतात. तेव्हा यातलं काही नव्हतं आणि हे विष आहे अशी नोंदही कुणी ठेवत नव्हतं. फ्लेअरच्या इतिहासातला हा पहिला बळी समुद्रावरचा नाही, तो प्रयोगशाळेतला आहे.

मार्था तेव्हा एकवीस वर्षांची. पदरात चार पोरं. पुढच्या थोड्याच काळात त्यातलं एक मूल गेलं आणि तिची आईही गेली. हातातला पैसा संपत चाललेला.

मग तिनं नवऱ्याचे कागद उपसायला काढले. काही विकण्यासारखं सापडतंय का, हा साधा हिशोब. त्यात रात्रीच्या रंगीत इशाऱ्यांची टिपणं निघाली. नमुने नौदलाकडं होते. ते चाचणीला गेले आणि फेल झाले. कल्पना चांगली आहे, वस्तू चालत नाही, असा निकाल लागला.

ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते की नवऱ्यानं शोध लावला आणि बायकोनं तो विकला. ते खरं नाही. कागदावर होती ती कल्पना. पावसात, वाऱ्यात, ओल्या हातानं पेटणारी आणि मैलोन्‌मैल दिसणारी वस्तू कागदावर नव्हती. ती बनवायला मार्थाला जवळजवळ दहा वर्षं लागली.

इतकी वर्षं का? तर रंगीत उजेड देणारी दारू हा नाजूक संसार आहे. त्यात जळणारा पदार्थ लागतो, त्याला प्राणवायू पुरवणारा क्षार लागतो, रंग देणारा धातूचा क्षार लागतो आणि हे सगळं धरून ठेवणारा डिंकासारखा काहीतरी चिकटा लागतो. लाल रंग स्ट्राँशियम देतं, हिरवा बेरियम देतं. आपल्याकडं शोभेची दारू करणाऱ्यांना हे हातानं माहीत होतं. जुन्या मराठीत ‘चंद्रज्योत’ नावाची दारूची नळी असायची, निळसर पांढऱ्या उजेडाची. पण लग्नातली चंद्रज्योत नाही पेटली तर पोरं हसतात. जहाजावरची नाही पेटली तर पोरं पोरकी होतात.

शिवाय यातले बरेच क्षार हवेतला ओलावा ओढतात. ओल आली की दारू सादळते. मार्थापुढं नेमका हाच पेच होता: आज करून ठेवलेली नळी सहा महिने दमट खोलीत राहून मग एका झटक्यात पेटली पाहिजे. मुदतीचा प्रश्न म्हणतो तो इथं सुरू झाला.

ती स्वतः रसायनशास्त्र शिकलेली नव्हती. तिनं जाणकारांना कामाला लावलं. बाई म्हणून कुणी मनावर घेईना, तेव्हा शोभेची दारू करणाऱ्यांना पुरुषाच्या नावानं पत्रं लिहिली. पांढरा आणि झगझगीत लाल जमला. अमेरिकेच्या झेंड्याचे तीन रंग पूर्ण व्हावेत म्हणून तिसरा निळा हवा होता. तो काही केल्या लांबून नीट दिसेना. निळा रंग आजही दारूकाम करणाऱ्यांची परीक्षा घेतो, दिवाळीत लक्ष देऊन बघा.

अशात १८५८ चा ऑगस्ट आला. अमेरिका आणि युरोप यांच्यामध्ये समुद्राखालून टाकलेली पहिली तार जोडली गेली म्हणून न्यूयॉर्कमध्ये मोठी आतषबाजी झाली. ती बघताना मार्थाला सुचलं की असा तेजस्वी उजेड करणारे लोक शहरातच बसलेत, त्यांनाच विचारू. निळ्याचा शोध हिरव्यावर येऊन थांबला. हिरवा लांबून स्वच्छ दिसत होता. तिनं झेंड्याचा हट्ट सोडला आणि पांढरा, लाल, हिरवा असे तीन रंग पक्के केले. या तिघांच्या जोड्या लावून आकडे, आणि आकड्यांवरून पुस्तकात बघून निरोप. समुद्रावरचं एसएमएस म्हणा.

एप्रिल १८५९ मध्ये पेटंट मिळालं. त्यावर शोधक म्हणून नाव बेंजामिनचं, अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं. मार्थाचं नाव त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारी म्हणून आलं. दहा वर्षं दारूत हात काळे कुणी केले याचा उल्लेख नाही.

नौदलानं चाचण्या घेतल्या. या वेळी नळ्या पेटल्या. आधी ३०० चा नमुन्याचा माल, मग मोठी ऑर्डर. मार्था तेवढ्यावर थांबली नाही. ती जहाजानं युरोपला गेली आणि इंग्लंड, फ्रान्स आणि आणखी देशांत पेटंटं घेतली. दरबारात, मंत्र्यांच्या कचेरीत, नौदलाच्या अधिकाऱ्यांपुढं ही बाई एकटी उभी राहून आपला माल पेटवून दाखवत होती. १८५९ च्या हिशोबानं हे प्रकरण किती मोठं होतं याची कल्पना करा. आपल्याकडं त्याच सुमारास १८५७ च्या उठावाची राख अजून गरम होती.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा ती परतली. उत्तरेच्या सरकारला दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करायची होती. शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर रात्री पळून जाणारी जहाजं पकडायची तर आपल्या जहाजांनी एकमेकांशी बोलायला हवं. मार्थानं पेटंटसाठी ४०,००० डॉलर मागितले. ऑगस्ट १८६१ मध्ये सरकारनं २०,००० वर सौदा तोडला.

पुढं जे झालं ते कुठल्याही सरकारी कंत्राटदाराला ओळखीचं वाटेल. माल पुरवायचं काम तिच्याच कारखान्याकडं होतं, भाव ठरलेला होता. युद्धात रसायनं महागली, मजुरी वाढली, ठरलेला भाव तसाच राहिला. तिनं तोट्यात माल दिला. युद्धभर दहा लाखांहून जास्त फ्लेअर गेले. १८६५ च्या जानेवारीत फोर्ट फिशर नावाचा किल्ला पडला, तेव्हा आरमाराचा रात्रीचा मेळ याच उजेडावर बसला होता. युद्ध संपल्यावर तिनं हिशोब मांडला: सरकारकडून १,२०,००० डॉलर येणं निघतं. कित्येक वर्षं अर्ज केले, खेटे घातले. मिळाले १५,०००.

तिनं १८८६ मध्ये आत्मचरित्र छापलं. त्यात या बाकीची बोचणी आहेच. विधवा म्हणून सहानुभूती सगळ्यांनी दिली, व्यवहारात मात्र प्रत्येकानं घासाघीस केली.

पण तिचं सगळ्यात मोलाचं काम मला युद्धातलं वाटत नाही. ते आलं १८७१ मध्ये. त्या वर्षी तिनं स्वतःच्या नावानं पेटंट घेतलं, नळी पिळली की पेटते अशी रचना. वेगळी काडी नको, निखारा नको. ज्यानं पावसात भिजलेल्या हातानं काडेपेटी घासून बघितली आहे त्याला यातली गंमत कळेल. संकटात माणसाचे हात थरथरतात, डोकं चालत नाही. त्या वेळी एक हालचाल पुरेशी असली पाहिजे, हे तिनं ओळखलं. आजच्या फ्लेअरला दोरी ओढायची असते किंवा बूड दाबायचं असतं. विचार तोच.

याच काळात अमेरिकेच्या किनाऱ्यावर जीवरक्षक चौक्या उभ्या राहत होत्या. तिथले जवान रात्रभर वाळूतून गस्त घालायचे आणि प्रत्येकाकडं कॉस्टनचा लाल फ्लेअर असायचा. जहाज खडकाकडं येताना दिसलं की तो पेटवायचा, म्हणजे जहाज वळेल. जहाज आधीच अडकलं असेल तर तोच लाल उजेड सांगायचा की तुम्हाला बघितलंय, आम्ही येतोय. लढाईसाठी बनलेली वस्तू अशी माणसं वाचवायच्या कामाला लागली.

मार्था १९०४ मध्ये वारली. धंदा पोरांनी चालवला, आणि कंपनी पुढं अनेक दशकं टिकली. अमेरिकेच्या शोधकांच्या राष्ट्रीय सन्मान यादीत तिचं नाव आलं २००६ मध्ये, म्हणजे मेल्यावर एकशेदोन वर्षांनी.

तिच्यामागं आठ वर्षांनी टायटॅनिक बुडालं. त्या रात्री टायटॅनिकनं पांढरी रॉकेटं उडवली. जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरच्या माणसांनी ती बघितली आणि तरी जहाज जागचं हललं नाही. कारण त्या काळी जहाज कंपन्याही आपली ओळख पटवायला रात्री रंगीत उजेड आणि रॉकेटं वापरायच्या, त्यामुळं हे संकट की नुसता रामराम याचा गोंधळ व्हायचा. पहाटे कार्पेथिया जहाज मदतीला आलं ते एका जीवरक्षक होडीतून पेटवलेल्या हिरव्या फ्लेअरच्या रोखानं. हिरवा, मार्थानं नाइलाजानं घेतलेला रंग. पुढं नियम कडक होत गेले आणि लाल फ्लेअर म्हणजे संकटच, दुसरं काही नाही, हे जगभर ठरलं. गंमत म्हणून तो पेटवायला आंतरराष्ट्रीय नियमांत सरळ मनाई आहे.

आपल्याकडची गोष्ट आठवायची तर १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेलं रामदास जहाज भर पावसात उलटलं. सहाशेच्या वर माणसं गेली. जहाजावर बिनतारी यंत्रणा नव्हती, मुंबईला बातमी कळायलाही कितीतरी तास गेले. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जमेल तेवढ्यांना ओढून घेतलं. जहाज काही मिनिटांत गेलं. एवढ्या वेळात पेटी उघडून, सूचना वाचून, सादळलेली नळी दोनदा घासून बघायला कुणाला सवड मिळते? मार्थाचा सगळा जीव या काही मिनिटांसाठी खर्च झाला होता.

आता मुदतीकडं वळू.

दिवाळीत सुतळी बॉम्ब फुसका निघाला की एखादं पोरगं वाकून बघायला जातं आणि नेमका तेव्हा तो फुटतो. मुदत संपलेल्या फ्लेअरचं दुखणं हेच. तीन वर्षं झाली म्हणजे दारू मेली असं नाही. ती बेभरवशाची झाली. आजच्या लाल फ्लेअरमध्ये बहुतेक वेळा मॅग्नेशियमची भुकटी असते. ओल लागली की मॅग्नेशियम गंजतं, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि थोडी उष्णताही होते. दारूच्या वडीला भेगा पडल्या तर आग भेगेत शिरते आणि जे मिनिटभर सावकाश जळायचं ते भसकन एकदम जळतं. रॉकेटमध्ये असं झालं तर ते हातातच फुटू शकतं. पाहिजे तेव्हा पेटणार नाही, नको तेव्हा पेटेल.

पेटलेल्या फ्लेअरची आच हजार अंश सेल्सियसच्या वर असते. त्यातला मॅग्नेशियम जळायला लागला की बादलीभर पाणी ओतून उपयोग नसतो, उलट भडका वाढू शकतो. वाळूनं झाकायचा प्रयत्नही जवळ जाऊन करू नये. आसपास जळण्यासारखं काही नसेल तर लांब होऊन जळू द्यावा.

समुद्रावर खरी वेळ आली आणि फ्लेअर पेटला नाही, तर प्रशिक्षणात शिकवतात ते असं: तोंड आपल्यापासून आणि इतरांपासून लांब, निदान अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा, मग पाण्यात सोडायचा. नळीच्या तोंडात डोकावायचं नाही. पेटला तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, होडीच्या काठाबाहेर हात लांब करून धरायचा, म्हणजे ठिणग्या रबरी तराफ्यावर पडत नाहीत. त्या उजेडाकडं एकटक बघायचं नाही.

मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांना हे कोर्समध्ये कळतंच. प्रश्न जमिनीवरच्यांचा आहे.

भारतात हा माल कायद्यानं स्फोटक आहे. १८८४ च्या स्फोटक कायद्यातल्या व्याख्येत तोफेच्या दारूबरोबर रंगीत आग, रॉकेट आणि धुक्यातले इशारे हेही येतात. म्हणजे मार्था जिवंत होती तेव्हाचाच कायदा, तिच्यासारख्यांच्या मालाला लागू. आजचे तपशील २००८ च्या स्फोटक नियमांत आहेत आणि ते राबवणारं पेसो हे खातं आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. परवाना नसताना असा माल साठवणं, विकणं, नष्ट करायला बघणं, तिन्ही अंगाशी येतं. एसटीत किंवा रेल्वेत घेऊन जाणं तर सोडाच, रेल्वे कायद्यात तो सरळ गुन्हा आहे. कुरिअरचंही तेच.

जहाजांसाठी वाट ठरलेली आहे. नवीन फ्लेअर देणारा पुरवठादार किंवा तराफ्यांची तपासणी करणारं केंद्र जुने परत घेतं आणि परवानाधारकाकडं नष्ट करायला पाठवतं. त्याचा खर्च येतो. इथंच माणूस चुकतो, कारण समुद्रात फेकणं फुकट असतं. आंतरराष्ट्रीय करारानुसार २०१३ पासून जहाजावरचा जवळजवळ सगळाच कचरा समुद्रात टाकायला बंदी आहे, पण मध्यरात्री खोल समुद्रात कोण बघतंय? फेकलेलं रॉकेट बऱ्याचदा तरंगत किनाऱ्याला येतं आणि ते सापडतं वाळूत खेळणाऱ्या पोराला.

श्रीमंत देशांतही हे सुटलेलं नाही. ब्रिटनमध्ये तटरक्षक दल काही ठिकाणी जुने फ्लेअर जमा करून घ्यायचं, ती सोय बंद झाली आणि हौशी बोटवाले गॅरेजमध्ये पेट्या साठवून बसले. ज्यानं वस्तू सक्तीची केली त्यानंच ती परत घ्यायची सोय करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्थाकडून कमी भावात माल घेऊन तोटा तिच्या गळ्यात मारला, तसंच हे. कामाचा उजेड सगळ्यांचा, उरलेली राख एकाची.

चुकीच्या हातात फ्लेअर गेला की काय होतं याचे दोन दाखले आहेत. १९९३ मध्ये कार्डिफला वेल्स आणि रुमानियाचा फुटबॉल सामना संपताना कुणीतरी जहाजावरचं रॉकेट स्टेडियममध्ये सोडलं आणि समोरच्या स्टँडमधल्या एका वयस्कर प्रेक्षकाचा जीव गेला. २०१३ मध्ये बोलिव्हियातल्या ओरूरो शहरात चौदा वर्षांचा मुलगा तसाच गेला. दोन्हीकडं वस्तू माणूस वाचवायला बनवलेली होती. मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, रीलसाठी हा प्रकार वापरायचं कुणाच्या डोक्यात आलं तर हे दोन सामने आठवा.

मग भंगारात, नदीकाठी किंवा जुन्या पेटीत असं नळकांडं दिसलं तर? हलवू नका, टोपण काढू नका, दोरी ओढू नका. चालतंय का बघायला पेटवू नका. जाळू नका, पुरू नका, घंटागाडीत टाकू नका, कारण गाडीत कचरा दाबला जातो आणि दाबानं, घर्षणानं ते पेटू शकतं. विहिरीत किंवा तळ्यात टाकणंही नको. बऱ्याच फ्लेअरमध्ये पर्क्लोरेट नावाचा क्षार असतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि शरीरात गेला की थायरॉईडला आयोडीन मिळू देत नाही. ज्या गावाचं पिणं तळ्यावर आहे तिथं हा उद्योग परवडणारा नाही.

पोरांना लांब करा, आसपास विडी सिगारेट बंद करा, लांबूनच फोटो काढा आणि पोलिसांना कळवा. नळीवरचं नाव आणि तारीख फोटोत दिसली तर त्यांचं काम सोपं होतं. पुढं काय करायचं ते पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक ठरवेल.

दारूशिवायचा फ्लेअरही आता आलाय. अमेरिकेत छोट्या हौशी बोटींना बॅटरीवर चालणारा, एसओएस लुकलुकवणारा एलईडी दिवा रात्रीच्या फ्लेअरऐवजी चालतो, दिवसासाठी सोबत केशरी झेंडा ठेवावा लागतो. त्याला स्फोटकाचा कायदा लागत नाही, बॅटरी बदलली की झालं. पण ३०० मीटर वर जाऊन चाळीस सेकंद दिसायचं काम त्याला जमत नाही, त्यामुळं मोठ्या जहाजांवर दारूचेच फ्लेअर आहेत आणि दर तीन वर्षांनी पेट्या रिकाम्या होत राहणार आहेत.

समुद्रात संकट दिसलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. जमिनीवर, मग ते कंधार असो की कुलाबा, ११२.